कधीही सुरू करा, कधीही थांबवा

१

मास्तरांच्या डोक्यावर नऊ घाव बसले होते, आणि नऊच्या नऊ एकाच जागी. उजव्या कानाच्या वर कवटी म्हणून काही उरलंच नव्हतं. रक्त टेबलावरच्या औषधाच्या बाटल्यांमधून वाट काढत खाली उतरलं होतं, फरशीवरून दारापर्यंत आलं होतं आणि तिथं घट्ट होत चाललं होतं. खुर्चीखाली लोखंडी बत्ता पडला होता. याच बत्त्यानं मास्तर रोज लोकांच्या गोळ्या कुटत आणि आत काय आहे ते बघत.

"राग आलेला माणूस असं मारत नाही," पोलीस डॉक्टर उकिडवे बसून म्हणाले. "तो एक डोक्यात घालतो, एक खांद्यावर, एक टेबलावर. इथं घाव जागचा हललेला नाही. दोन्ही हातांत धरून सरळ वरून खाली. मारलेलं नाही हो हे, कुटलेलं आहे."

दारातल्या हवालदारानं तोंडावर रुमाल धरला आणि तो जिन्याकडे पळाला.

चाळणीबाई मात्र तिथंच उभ्या राहिल्या. खरं नाव कागदोपत्री होतं; खात्यात पाठीमागे सगळे त्यांना चाळणीबाईच म्हणत. समोरचा तासभर बोलला तरी बाईंच्या हाताला नेमके चार खडे लागायचे, आणि तेवढ्या खड्यांवर त्या माणूस आत घालायच्या. आणखी एक गुण असा, की हाती लागलेलं त्या कुणालाही दाखवायच्या नाहीत. साहेबांनासुद्धा नाही. खात्यात या गुणाचं फार कौतुक होतं.

मास्तरांनी वीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं आणि मग हे कार्यालय काढलं. जाहिरातीत जे छापतात ते खरं की थापा, एवढंच तपासायचं. ज्या बाटलीवर 'शंभर टक्के' लिहिलंय ती मास्तर आधी उघडत. यंदा त्यांनी सांधेदुखीवरच्या चौदा वनौषधी गोळ्या हातात घेतल्या होत्या. समोरच्या भिंतीवर त्यांतल्या एका गोळीचा तक्ता लावलेला होता. डावीकडे कंपनीचा दावा, उजवीकडे मास्तरांचा लाल पेन्सिलीतला शेरा.

'तीन पिढ्यांची परंपरा.' शेरा: तीन पिढ्यांत कुणी एक आकडा लिहून ठेवला नाही.

'नव्वद टक्के रुग्णांना आराम.' शेरा: मध्येच सोडून गेले ते कुठल्या टक्क्यात धरले?

'सात दिवसांत सूज गायब.' शेरा: झाडपाला इतक्या घाईत नसतो. बघावं लागेल.

'कधीही सुरू करा, कधीही थांबवा.' यापुढचा शेरा वाचता येत नव्हता. तिथं मास्तरांचं रक्त उडालं होतं, आणि लालावर लाल काही दिसेना.

"फोटोवाल्यांना सांगा, हा तक्ता काढून न्या आणि खालचं अक्षर वाचा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तक्त्याच्या डोक्यावरचं चित्र पाहिलं. उड्या मारणारं हरीण, खाली नाव, 'हरिणचाल'. तीच हिरवी बाटली त्यांच्या आईच्या उशाशी होती, आणि दर महिन्याला ती विकत आणणारं माणूस दुसरंतिसरं कुणी नव्हतं, त्या स्वतः होत्या.

२

प्रेत पहिल्यांदा पाहिलं सिस्टरनं. ही मास्तरांची सहकारी, जुनी रुग्णालयातली परिचारिका. गोळ्या घेणाऱ्या लोकांचे गुडघे मोजणं, सूज लिहून ठेवणं ही तिची कामं. तिच्या ॲप्रनच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या, कारण तिनं मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"अकरा वाजता हरिणचालचे तिघं आले होते," ती म्हणाली. "कारखानदार, त्यांची जाहिरात लिहिणारी बाई आणि ज्यांच्या नावानं औषध आहे ते वैद्यबुवा. मास्तरांनी चार दाव्यांवर हरकत घेतली होती ना, तिचं उत्तर द्यायला. कारखानदार फार तडकले. म्हणाले, एक दिवस कुणीतरी तुमचं डोकं फोडेल."

"आणि मग?"

"बारा वाजता प्रयोगशाळेचा माणूस लखोटा घेऊन आला. सगळ्यांच्या देखत दिला. वैद्यबुवांनी विचारलं, हे काय? मास्तरांना शिकवायची सवय, जात नाही ती. त्यांनी समजावून सांगितलं की चौदा कंपन्यांच्या गोळ्या आम्ही कोऱ्या कुप्यांत घालून पाठवतो, वर नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा ते प्रयोगशाळेलाही माहीत नसतं, सोबत काम करून मलाही नसतं. ते फक्त मास्तरांच्या वहीत. म्हणजे कुणी कुणाला विकत घ्यायला नको."

"लखोटा उघडला?"

"छे! सगळे गेल्यावर, दार लावून, एकट्यानं दोनदा वाचायचा, हा त्यांचा नेम. मी एक वाजता खाली जेवायला गेले. दीडला वर आले तर..." सिस्टरनं ओंजळीत तोंड लपवलं.

खोलीत लखोटा नव्हता. वहीही नव्हती.

बाईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या माणसानं अहवालाची नक्कल काढून वाचली. चौदांपैकी तेरा नमुन्यांत नुसता पाला. नऊ नंबरात मात्र स्टिरॉइड, आणि तेही मुठीनं घातल्यासारखं.

"नऊ नंबर कुणाचा?"

"ते मास्तरांनाच ठाऊक, मॅडम. परत नवे नमुने तपासायचे तर आठ दिवस लागतील."

"तपासा. आणि हे माझ्याशिवाय कुणाला बोलायचं नाही. तुमच्या बायकोलाही नाही."

संध्याकाळच्या आत त्यांनी हरिणचालच्या गोदामाला आणि सगळ्या दुकानांतल्या बाटल्यांना सील ठोकलं. वैद्यबुवांच्या घरातला गोळ्यांचा डबासुद्धा हवालदार उचलून घेऊन आला. घरी गेल्या तेव्हा आई गच्चीवरून कुंड्यांना पाणी घालून जिना उतरत होती, कठड्याला हात न लावता. आठ महिन्यांपूर्वी ही बाई न्हाणीघरापर्यंत रांगत जायची आणि दार लावून रडायची. आता गालांवर बाळसं आलं होतं. शेजारणी म्हणत, आजी, तुम्ही तर गोल चंद्रासारख्या दिसायला लागलात.

बाईंनी उशाची बाटली उचलली आणि सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या.

"अगं, काय करतेस!" आई किंचाळली. "माझे पाय आहेत ते!"

"नको घेऊस. काही दिवस नको. का ते विचारू नकोस, खात्याचं काम आहे."

"तुझं खातं गेलं चुलीत! तू येणार आहेस का मला धरून न्यायला?" आईनं रिकामी बाटली त्यांच्या अंगावर फेकली. ती खांद्याला लागून भिंतीवर फुटली. आई काचांकडे बघत राहिली आणि मग हुंदके देऊन रडायला लागली. बाई खाली बसून काचा वेचू लागल्या.

३

दुसऱ्या दिवशी कारखानदारानं बाईंना पाहताच टेबलावरचं काचेचं वजन उचलून फेकलं. ते हवालदाराच्या कपाळाला चाटून गेलं आणि भुवई फुटली. हवालदारानं त्याचा हात पिरगाळून त्याला टेबलावर दाबला, तेव्हा कुठं तो माणसात आला.

"माझा धंदा बसवलात तुम्ही!" तोंड टेबलावर चेपलेलं असतानाच तो ओरडत होता. "हो, म्हणालो मी डोकं फोडेल! तोंडाचा फटकळ आहे मी, सगळ्यांना म्हणतो! एक ते दोन मी वकिलाकडे होतो. विचारा त्याला!"

वकिलाकडे होता, पण वकिलाचं घर त्या इमारतीपासून चार मिनिटांवर. बाईंनी ते मनात ठेवलं.

"माझी आई घेते हो तुमच्या गोळ्या," त्या सहज म्हणाल्या. "काल सगळ्या टाकून दिल्या."

"टाका की! तुमच्या आईला मी नवी बाटली फुकट देतो. सील काढा फक्त. बाटलीवर लिहिलंयच, कधीही सुरू करा, कधीही थांबवा."

तिसऱ्या दिवशी बाई जाहिरातबाईकडे गेल्या, तर तिचा खालचा ओठ फाटलेला होता आणि त्यावर दोन टाके होते. ती ऑफिसात पाय वर घेऊन बसली होती आणि नळीनं चहा पीत होती.

"मालकांनी," ओठाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "परवा बैठकीत मास्तरांनी विचारलं, नव्वद टक्के कुठून आणले? मी म्हटलं, शंभर लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. खाली जिन्यात पोचलो तर मालकांनी अंगठीच्या हातानं दिली एक ठेवून. दवाखान्यात जाऊन शिवून घेतलं. पावतीवर वेळ आहे, एक वाजून दहा."

"तुमच्या जाहिरातीत खरं असं काही आहे का हो?"

ती हसायला गेली आणि टाका ताणला तशी कळवळली. "एक आहे! वैद्यबुवा जिना चढतात ते. तीन मजले, एका दमात. मी म्हटलं कॅमेऱ्याची हातचलाखी करू, तर म्हातारा म्हणाला गरज नाही. सात वेळा चढवला त्याला, गेल्याच महिन्यात. वर जाऊन स्वतः खलात मुळ्या कुटून दाखवल्या. घाम आम्हालाच आला."

"माझ्या आईनं गोळ्या सोडल्या परवापासून. काही होणार नाही ना?"

"कधीही थांबवा, हे वाक्य माझंच. चहा पिता पिता सुचलं." तिनं खांदे उडवले. "मला काय कळतंय? माझ्या सासूला मी काही घेऊ देत नाही."

बाई खाली उतरल्या तोच बिनतारी यंत्र खरखरलं. मास्तरांच्या कार्यालयावर दगड पडत होते.

४

दीडशे म्हातारे-म्हाताऱ्या रस्त्यावर जमल्या होत्या. कुणी काठी टेकत आलं होतं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाला सुनेनं धरून आणलं होतं. हरिणचाल बंद होऊन तिसरा दिवस होता; साधं औषध आठवडाभर जरी थांबलं असतं तरी एवढा कहर झाला नसता, पण यांचे सांधे एका रात्रीत पेटल्यासारखे सुजले होते. दुखणाऱ्या माणसाला शहाणपण सांगायला जाऊ नये.

"आमच्या गोळ्या द्या!" समोरचा एक आजोबा ओरडला आणि त्यानं काठी फिरवली. हवालदाराच्या गळपट्टीचं हाड काडकन मोडलेलं बाईंना ऐकू आलं. कालच भुवई फुटलेला तो बिचारा फुटपाथवर आडवा झाला. वरच्या खिडकीची काच फुटली, सिस्टर तिथंच उभी होती, आणि तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. एक आजी, अंगानं चिमणीएवढी, पोलिसाच्या मनगटाला चावली आणि सोडेचना. शेवटी पाण्याचा फवारा मारावा लागला. ओल्या रस्त्यावर ती सगळी पडली आणि मग त्यांना उठता येईना. रडायचा जो आवाज उठला तो बाईंना ऐकवेना.

सिस्टरच्या कपाळावर पट्टी बांधत त्या म्हणाल्या, "माझी आईही यातलीच हो. मी तिच्या गोळ्या टाकून दिल्या."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाली. "खोट्या मालाला घरात ठेवूच नये."

घरी आई अंथरुणातच होती. सकाळपासून तीनदा उलटी झाली होती. हाक मारली तर हूं म्हणेना, डोळे अर्धे मिटलेले. बाईंना वाटलं, रुसली आहे. लहानपणापासून बघतेय, हिचा रुसवा म्हणजे उपास आणि मौन. त्यांनी लिंबूपाणी करून उशाशी ठेवलं आणि कपाळावरून हात फिरवला. कपाळ गार होतं. वैद्यबुवा तेवढे राहिले होते, त्यांच्याकडे जाऊन लगेच परत येऊ, असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

५

वैद्यबुवांची खोली म्हणजे एक लांबट पडवी होती. भिंतीला पोती, छताला मुळ्यांच्या जुड्या, मधोमध जाळावरच्या तिवईवर मोठं पातेलं आणि त्यात काळा काढा रटरटत होता. बुवा पाटावर बसले होते. मऊ बोलणारे, पांढरे शुभ्र केस. दोन्ही हातांची बोटं आत वळून घट्ट झाली होती.

बाईंनी जबाब लिहून घेतला. सही करताना बुवांच्या बोटांत पेन राहीना, दोनदा पडलं. शेवटी त्यांनी अंगठा दिला.

"हे हात बघता ना," ते ओशाळून म्हणाले. "चमचा धरवत नाही. बैठक संपल्यावर ते दोघं भराभर उतरून गेले. मी बसत बसत उतरलो. लिफ्ट बंद. तीन मजल्यांना दीड तास लागला मला. वरून काही आवाज आला असेल तर म्हाताऱ्याच्या कानांना तो कुठला यायला."

नवा हवालदार बाईंकडे बघून हळूच मान हलवत होता: यांचं काय घेऊन बसलात? बाईंनाही तसंच वाटलं. एवढा जड बत्ता नऊ वेळा उचलायचा तर मूठ तरी वळायला हवी. त्यांनी वही मिटली आणि उठता उठता, सगळ्यांना म्हटलं तेच म्हणाल्या.

"माझी आई तुमच्याच गोळ्या घेत होती, बुवा. आठ महिने. परवा सगळ्या फेकून दिल्या मी."

बुवांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "परवा? एकदम?"

"एकदम."

"अहो बाई, असं नाही करायचं! आठ महिन्यांचं शरीर आहे ते. आजपुरती एक द्या, चार दिवसांनी अर्धी, मग पाव. उतरत उतरत आणायचं. उलटी होते का त्यांना? अंग गार पडतं का?"

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"मॅडम, फोटोखात्यातून बोलतोय. रक्ताखालचं अक्षर निघालं. 'कधीही थांबवा' यापुढे मास्तरांनी लिहिलंय: मला वाटतं तेच आत असेल, तर एकदम थांबवणारा माणूस मरेल."

बाईंनी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणीही उचलला नाही.

६

त्यांनी सिस्टरला फोन केला. "माझ्या घरी जा. कुलूप फोडा. आईला रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांना सांगा की आठ महिने स्टिरॉइड पोटात होतं आणि परवा एकदम बंद केलं." पलीकडून सिस्टर ओरडली, "अहो, आधी का नाही सांगितलंत!" आणि फोन बंद झाला. तो शब्द बाईंच्या छातीत रुतला. सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी सिस्टरनं थांबवलं असतं. पण त्यांनी चाळणीतले खडे जपून मुठीत ठेवले होते ना.

"बुवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखीचा वाटेना. "बाटलीवर काय लिहिलंय?"

बुवांनी नजर काढ्याकडे वळवली.

"कधीही थांबवा. मालकानं तेच सांगितलं, त्याला खरंच माहीत नाही. जाहिरातबाईला फिकीर नाही. सिस्टर तर शिकलेली परिचारिका, तिला आत काय आहे ते ठाऊक असतं तर ती मला बरं केलंत म्हणाली नसती, अंगावर धावून आली असती. पाला असेल तर तो आज घ्यावा, उद्या सोडावा. उतरत उतरत आणायचं असतं ते एकच. लखोट्यात काय आहे हे तो न उघडता कुणाला माहीत होतं, बुवा? ज्यानं ते घातलं त्याला."

"मी एका म्हातारीच्या काळजीनं बोललो," बुवा पुटपुटले. "आणि तुम्ही माझ्यावर खून टाकता? या हातांनी?"

"हे हात आजचे. परवा मास्तरांच्या दारावरच्या नोंदवहीत तुम्ही सही केलीत, मी पाहिलीय. मोत्यासारखं अक्षर. त्याच संध्याकाळी आम्ही तुमचा डबा उचलला, आणि दोन दिवसांत बोटं वळली. तिकडे रस्त्यावर दीडशे माणसांचं जे झालं तेच तुमचं झालं. गेल्या महिन्यात तीन मजले सात वेळा चढणाऱ्याला उतरायला दीड तास लागत नाही. तुम्ही उतरलातच नाहीत. वर गच्चीच्या जिन्यात बसलात आणि सिस्टर जेवायला गेल्याची वाट पाहिलीत. आणि दोन्ही हातांनी, एकाच जागी, सरळ वरून खाली. जन्मभर जे केलंत तेच तिथं केलंत."

बुवांनी आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं.

"आजोबांचं औषध माझ्या बोटांना कधी लागलंच नाही," बुवा म्हणाले. "तीन वर्षं घेतलं. मग एका डॉक्टरनं चिमूटभर पांढरी पूड दिली. आठव्या दिवशी मी मूठ वळली हो! वळलेली मूठ बघून रडलो. मग वाटलं, लोकांनी का म्हणून कुढत बसायचं? घातली चूर्णात. लोक नाचायला लागले. घराण्याचं नाव झालं. मी त्या मास्तरच्या पाया पडायला परत गेलो होतो. त्यानं लखोटा वाचलेला होता. तो म्हणाला, बुवा, ही पूड काढली तर तुमच्या तीन पिढ्यांत मागं काय उरतं, सांगा. समोर बत्ता होता. पहिला घाव मी घातला एवढं आठवतं. पुढं हात आपोआप चालले."

बोलता बोलता त्यांनी पाय उचलला आणि तिवईला लाथ घातली.

उकळता काढा लाटेसारखा आला. बाईंनी उडी मारली, तरी डावी पोटरी सापडली आणि कातडं कपड्यासकट सोललं. हवालदार गुडघ्यांपर्यंत भाजला आणि गुरासारखा ओरडला. बुवा दाराकडे निघाले, आणि त्यांच्याच काढ्यावरून त्यांचा पाय घसरला. तोंडावर आपटले. दात फुटले. बाईंनी भाजल्या पायानं त्यांच्या पाठीवर गुडघा रोवला आणि ते वळलेले हात मागं ओढले, तेव्हा एक बोट मोडल्याचा आवाज झाला. त्यांना थांबता आलं असतं. त्या थांबल्या नाहीत. दुसरं बोट मोडलं तेव्हा भाजलेल्या हवालदारानंच त्यांचा दंड धरून ओढला.

"मॅडम, सोडा! मरेल तो!"

उलटलेल्या तिवईखाली, राखेत, वहीचा अर्धा जळका पुठ्ठा होता. आतल्या एका पानावर नऊ हा आकडा आणि त्यापुढं 'हरि' एवढी अक्षरं शाबूत राहिली होती. फोन वाजत होता. सिस्टर होती.

"न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या," ती धापा टाकत म्हणाली. "नाडी लागतेय, पण अगदी बारीक. लवकर या."

७

डॉक्टरांनी बाईंच्या पोटरीला पट्टी बांधायला लावली आणि मगच बोलले. "काय बंद झालं ते कळलं म्हणून सुई देता आली. नुसती म्हातारी बेशुद्ध पडली म्हणून आणली असती, तर आम्ही शोधत बसलो असतो, आणि त्या तेवढा वेळ थांबल्या नसत्या."

"म्हणजे वाचेल?"

"वाचल्या. तेच औषध द्यावं लागेल, पण मोजून, आणि काही महिन्यांत कमी करत करत बंद. हरिणचाल घेणाऱ्या बाकी सगळ्यांनाही बोलावून तेच देतोय. गुडघ्यांचं मात्र मी काही वचन देत नाही."

आईनं दुसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा पाच वाजले होते; पहिल्यांदा सिस्टर जवळ होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. तिनं लेकीच्या पोटरीवरची पट्टी पाहिली, सुजलेले डोळे पाहिले.

"मारामारी केलीस?"

"केली."

"त्या बुवानं औषधात काही घातलं होतं म्हणे. सिस्टर सांगत होती."

"हो. तू चालत होतीस ती त्याच्यावर. आणि मी ते एकदम काढून घेतलं, आई. आत काय असेल याचा मला अंदाज होता. कुणाला विचारलं नाही, कुणाला बोलले नाही. तुला मी मारत होते."

 आईनं चादरीखाली पाय हलवून पाहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"मग आता माझे गुडघे?"

बाईंनी आयुष्यात शेकडो चोरांना बोलतं करण्यासाठी सराईतपणे थापा मारल्या होत्या. होतील बरे, असं म्हणायला काहीच लागलं नसतं. आई तेवढ्यावर विश्वास ठेवायला बसलेलीच होती.

"दुखतील," त्या म्हणाल्या.

"पहिल्यासारखे?"

"पहिल्यासारखे. कदाचित जास्तही."

आई भिंतीकडे तोंड करून रडली. आवाज न करता, बराच वेळ.  मग आईनं नाक पुसलं आणि न वळताच म्हणाली, "आठ महिने गच्चीवर जात होते मी."

"हो."

"आता कोण नेणार?"

"मी नेईन."

"तू कधी असतेस घरी?" ती म्हणाली. मग थोडी सरकली आणि तिनं खाटेवर जागा केली. "बस इथं. पाय चेप जरा."

चाळणीबाई आपला भाजलेला पाय सांभाळत पायथ्याशी बसल्या आणि त्यांनी आईच्या गुडघ्यांवर हात ठेवले. दोन्ही गुडघे सुजलेले होते आणि हाताला गरम लागत होते.